बारनिशीपासून ई-टपालापर्यंत : फर्दापूरच्या संदर्भात फेरफार सूचनेच्या रवानगीचा व दप्तराचा इतिहास

प्रस्तावना

शासनव्यवहारात पत्र पाठविणे आणि पाठविलेल्या पत्राची नोंद करून त्याची प्रत जतन करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली क्रिया पत्र मिळणाऱ्यासाठी असते, तर दुसरी भविष्यात उद्भवणाऱ्या वादासाठी असते. कार्यालयीन भाषेत पहिलीला रवानगी व दुसरीला दप्तर म्हणतात. गेल्या तीन दशकांत या दोन्ही क्रिया संगणकाकडे गेल्या. माहितीसंचात, म्हणजे डेटाबेसमध्ये, एखादी नोंद पडली की तिच्यावरून पत्राचा मजकूर तयार होतो, संबंधितांना ई-मेल किंवा लघुसंदेश जातो आणि त्याची प्रत त्याच क्षणी त्याच प्रणालीत दाखल होते. महाविद्यालयांतील प्रवेशाच्या सूचना, बँकांचे संदेश, करखात्याच्या नोटिसा अशी या पद्धतीची अनेक उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत.

या बदलाची चर्चा सामान्यतः वेग, खर्च व कागदाची बचत या अंगांनी होते. प्रस्तुत लेखात तिचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. त्यासाठी महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाला सर्वाधिक भिडणारा पत्रव्यवहार निवडला आहे. जमिनीचा व्यवहार झाल्यावर हितसंबंधितांना दिली जाणारी फेरफाराची सूचना, हा तो पत्रव्यवहार होय. ही सूचना कोण पाठवीत असे, तिची नोंद कोण ठेवीत असे आणि ती पोचली हे कशावरून ठरत असे, या तीन प्रश्नांच्या आधारे मराठा दप्तरापासून आजच्या ई-फेरफार प्रणालीपर्यंतचा मागोवा येथे घेतला आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव या मांडणीचे भौगोलिक केंद्र आहे.

फर्दापूर : दोन दप्तरपद्धतींच्या सीमेवर

अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशाकडे जाताना पायथ्याशी फर्दापूर लागते. जगप्रसिद्ध अजिंठा लेण्यांकडे जाणारा फाटा येथेच आहे. औरंगाबादहून जळगावकडे व पुढे बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून गावाला महत्त्व होते. औरंगजेबाच्या काळातील मानली जाणारी सराई त्याची साक्ष देते. १८१९ मध्ये मद्रास फौजेतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस लेणी पडल्यानंतर या परिसराकडे अभ्यासक व प्रवासी यांची रीघ लागली. १९८३ मध्ये लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. पर्यटनाच्या सोयी व रस्त्यांची कामे यांमुळे फाट्यालगतच्या जमिनीचे मोल वाढत गेले. शेतजमिनीचा प्रत्येक तुकडा केवळ पिकासाठी नव्हे, तर विक्रीसाठीही मोलाचा ठरू लागला, की त्या जमिनीच्या कागदाला आपोआप महत्त्व येते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फर्दापूरचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर उत्तरेकडील पहूर, जामनेर हा मुलूख ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होता. संस्थानाची टपालव्यवस्था स्वतंत्र होती. १८६९ मध्ये संस्थानाने स्वतःचे टपाल तिकीट काढले आणि १९५० मध्ये ही व्यवस्था भारतीय टपाल खात्यात विलीन झाली. संस्थानाच्या कारभाराची भाषा प्रथम फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू होती. कालगणना फसली सनाची होती. काही कोसांच्या अंतरावर मात्र मराठी भाषेत, इंग्रजी सनात व वेगळ्या नमुन्यांत महसुलाचे दप्तर लिहिले जात होते. अशा सीमेवरच्या गावातून पाहिले असता, दप्तर ही केवळ कागदांची रास नसून सत्य ठरविण्याची एक रीत आहे, हे स्पष्ट होते.

मराठा दप्तर : लिहिणारा आणि नोंदणारा

मराठा राज्यव्यवस्थेत पत्रलेखन, हिशेब व दप्तर यांची जबाबदारी भिन्न अधिकाऱ्यांकडे होती. चिटणीस पत्रे लिहीत असे, फडणीस हिशेब पाहत असे आणि दप्तरदाराकडे कागदांचा सांभाळ असे. अष्टप्रधानांपैकी सचिव किंवा सुरनीस याच्याकडे राजपत्रांची तपासणी होती. त्यामुळे पत्र एका हाताने लिहिले जाई, दुसऱ्या हाताने तपासले जाई आणि तिसऱ्या हाताने नोंदले जाई. मराठेकालीन पत्रांवर आढळणारे ‘सुरू सूद’, ‘बार’ यांसारखे शेरे या प्रक्रियेचे अवशेष आहेत. त्यांतून पत्र तपासले गेले, त्याची दप्तरी नोंद झाली, हे कळते.

याच ‘बार’ शब्दाशी नाते सांगणारा ‘बारनिशी’ हा शब्द आजही महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत जिवंत आहे. आवक-जावक टपाल नोंदविणाऱ्या शाखेला बारनिशी म्हणतात. राजवटी बदलल्या, लिपी मोडीची देवनागरी झाली, टाकाची जागा टंकयंत्राने व पुढे संगणकाने घेतली. परंतु पत्र नोंदविणारी शाखा पत्र लिहिणाऱ्या शाखेपासून वेगळी असावी, हा संकेत टिकून राहिला.

पेशवाईत पुण्याच्या हुजूर दप्तराची रचना याच तत्त्वावर झाली. चालू कामाचे चालते दप्तर आणि सर्व खात्यांच्या हिशेबांचे एकत्रीकरण करणारे एकबेरीज दप्तर अशी त्याची विभागणी होती. सवाई माधवरावांच्या काळापर्यंत सुव्यवस्थित असलेले हे दप्तर दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत विस्कळीत झाले. १८१८ नंतर इनामे, वतने व जमिनीचे हक्क ठरविताना इंग्रजांना याच दप्तराचा आधार घ्यावा लागला. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. राज्य गेले तरी दप्तराची उपयुक्तता संपली नाही. वतनदाराचा दावा खरा की खोटा हे ठरविताना त्याच्या घरी असलेले पत्र सरकारी दप्तरातील नोंदीशी ताडून पाहता येत असे. दोन प्रती दोन ठिकाणी, दोन वेगळ्या हितसंबंधांच्या ताब्यात असणे, हा पुराव्याचा पाया होता.

निजाम राजवट व मुंबई इलाखा

हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून आधुनिक महसूल प्रशासनाचा आरंभ केला. मराठवाड्यातील जमिनीची मोजणी व आकारणी १८७० च्या दशकापासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर होऊ लागली. फसली १३१७ चा हैदराबाद जमीन महसूल कायदा हा संस्थानाच्या महसूल कारभाराचा मुख्य आधार होता. गावपातळीवर पटवारी व पाटील हे दप्तराचे धारक होते. सेतवार, पाहणी पत्रक, खासरा पत्रक ही या व्यवस्थेतील कागदपत्रे मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत आजही पुढे येतात.

मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्याचा भाग बनली. आकारणीचे दप्तर हे प्रामुख्याने सारा कोण भरतो हे सांगणारे होते. हक्कनोंदणीने जमिनीत कोणाकोणाचा हितसंबंध आहे, हा प्रश्न दप्तरात आणला. जमिनीतील हक्क बदलला की फेरफाराच्या नोंदवहीत नोंद, संबंधितांना सूचना, हरकत आल्यास चौकशी आणि शेवटी प्रमाणन, असा क्रम ठरला. हैदराबाद संस्थानात हक्कनोंदणीचा विनियम फसली १३५८ मध्ये, म्हणजे संस्थानाच्या अखेरच्या पर्वात आला. त्यामुळे सीमेच्या उत्तरेस फेरफाराची सूचना ही रुळलेली बाब असताना दक्षिणेस तिचा कायदेशीर पाया जवळजवळ साडेचार दशकांनी घातला गेला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. एका पिढीच्या आत फर्दापूरच्या दप्तराची भाषा, सन व कायदा हे तिन्ही बदलले. जुन्या नोंदी वाचू शकणारे कारकून कमी होत गेले. दप्तर सुरक्षित असूनही ते वाचता न येणे ही हानीची एक वेगळी जात आहे. संगणकीय अभिलेखांचा विचार करताना ती विसरता येत नाही.

महसूल संहिता आणि सूचनेचे कागदी स्वरूप

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि फर्दापूर व पहूर प्रथमच एका महसूल कायद्याखाली आले. संहितेच्या कलम १५४ नुसार दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याने हस्तांतरणाची माहिती तलाठी व तहसीलदार यांना कळवावयाची असते. कलम १५० नुसार तलाठ्याने ती फेरफार नोंदवहीत घ्यावी, नोंदीची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावावी आणि हितसंबंधितांना लेखी सूचना द्यावी, अशी तरतूद आहे. सूचना द्यावयाच्या व्यक्तींचे कायद्याने दोन वर्ग केले आहेत. पहिला वर्ग अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांचा आहे. दुसरा वर्ग ज्यांचा हितसंबंध असल्याचे मानण्यास तलाठ्याकडे कारण आहे, अशा इतर व्यक्तींचा आहे.

प्रत्यक्षात हे काम असे चाले. दुय्यम निबंधकाकडून सूचीच्या स्वरूपातील माहिती तहसील कार्यालयात येई, बारनिशीत तिची आवक नोंद होई, तेथून ती मंडळ अधिकारी व तलाठी यांच्याकडे जाई. तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद घेई आणि नमुना ९ मधील नोटीस लिही. नोटीस घेऊन कोतवाल घरोघर जाई. तिच्या स्थळप्रतीवर खातेदाराची सही किंवा अंगठा घेई. कोणी घेण्यास नकार दिला तर तसा पंचनामा होई. १५ दिवसांत हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये, नोंदवली जाई. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करी आणि मगच सातबारावर अंमल दिला जाई.

या पद्धतीतील दोष सर्वज्ञात आहेत. माहितीपत्रक निबंधक कार्यालयातून निघून गावापर्यंत येण्यास महिनोन् महिने लागत. मधल्या काळात जुनाच सातबारा दाखवून तीच जमीन पुन्हा विकली जाण्याचा धोका असे. नोंदींचा क्रम मागेपुढे करणे, मागील तारखेने नोंद घेणे यांस हस्तलिखित नोंदवहीत वाव होता. कागदांचे वर्गीकरणही सोपे नव्हते. अ वर्ग कायम, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १० वर्षे, क-१ वर्ग ५ वर्षे व ड वर्ग १ वर्ष या मुदती ठरलेल्या असूनही कार्यालयांत गठ्ठ्यांचे ढीग साचत. १९८० च्या दशकात अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी केलेली कार्यालयीन सुधारणा ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली. कार्यासनावरील कागदांची सहा गठ्ठ्यांत विभागणी करण्याची पद्धतही याच अडचणीवरील उत्तर होते.

तथापि, या संथ पद्धतीत एक गुण होता. दस्त नोंदविणारा, सूचना लिहिणारा, ती नेऊन देणारा आणि प्रमाणित करणारा या चार वेगळ्या व्यक्ती होत्या. अंगठा उमटलेली स्थळप्रत हा पाठविणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्याने दिलेला पुरावा होता.

संगणकीकरणाचा प्रवास

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली. भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील ८ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची तीत निवड झाली होती. पुढे राज्यभर हस्तलिखित सातबारांची माहिती संगणकात भरली गेली. दस्तनोंदणीच्या क्षेत्रात २००२ मध्ये ‘सरिता’ ही प्रणाली आली आणि २०१२ च्या सुमारास तिची जागा ‘आय-सरिता’ने घेतली. दरम्यान २००८ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम मंजूर केला. नोंदणी कार्यालय व महसूल कार्यालय यांच्या माहितीसंचांची जोडणी हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट होते.

कायद्याच्या बाजूने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्यातील कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास मान्यता दिली, कलम ७ ने ते जतन करण्याच्या अटी सांगितल्या आणि कलम १३ ने रवानगी व प्राप्ती यांची वेळ कशी ठरवावी हे स्पष्ट केले. संदेश पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणकीय व्यवस्थेत शिरला की तो रवाना झाला, असे हे कलम मानते. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत असंख्य नस्त्या भस्मसात झाल्या. कागदी दप्तराच्या मर्यादा यापेक्षा ठळकपणे दाखविणारी दुसरी घटना राज्याच्या इतिहासात सांगता येणार नाही.

या सर्वांचा परिपाक म्हणजे ई-फेरफार प्रणाली होय. जमाबंदी आयुक्त कार्यालय व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, पुणे यांच्या सहकार्याने ती उभी राहिली. दस्त नोंदविला जाताच त्याची माहिती संगणकाद्वारे महसूल यंत्रणेकडे जाते. नोटिशीचा मजकूर माहितीसंचातूनच तयार होतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना उपलब्ध झाला. महसूल संहितेतही अनुरूप बदल झाले. साठवण उपकरणात अभिलेख ठेवण्याची तरतूद कलम १४८-अ ने केली. अशा तालुक्यात कलम १५४ खालील माहिती मिळताच तहसील कार्यालयातील प्राधिकृत व्यक्तीने हितसंबंधितांना लघुसंदेश, ई-मेल किंवा विहित साधनाद्वारे सूचना द्यावी, असा परंतुक कलम १५० ला जोडला गेला. चावडीचे काम ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरील सूचनाफलकाने हाती घेतले. फर्दापूरच्या जमिनीची नोटीस आता मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या वारसालाही वाचता येते. कोतवालाच्या पायांना हे कधीच शक्य नव्हते.

डेटाबेसमधून रवानगी : कार्यपद्धती

डेटाबेसमधून स्वयंचलित रवानगी करणाऱ्या कोणत्याही प्रणालीचे काम पाच टप्प्यांत चालते. प्रथम, विशिष्ट घटना घडते. येथे ती दस्तनोंदणीची असते. दुसऱ्या टप्प्यात आगाऊ तयार ठेवलेल्या मसुद्यात गट क्रमांक, क्षेत्र, देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे व दिनांक ही माहिती माहितीसंचातून भरली जाते. तिसऱ्या टप्प्यात त्याच संचातील पत्ता, ई-मेल किंवा भ्रमणध्वनी क्रमांक उचलला जातो. चौथ्या टप्प्यात संदेश टपाल-संगणकाकडे सोपविला जातो. पाचव्या टप्प्यात संदेशाचा क्रमांक, वेळ व मजकुराची प्रत नोंदतक्त्यात दाखल होऊन संबंधित प्रकरणाशी जोडली जाते.

जुन्या कार्यालयाच्या भाषेत सांगावयाचे तर मसुदा लिहिणारा कारकून, पाकिटावर पत्ता घालणारा लिपिक, टपालवाहक, बारनिशी व अभिलेख कक्ष ही सर्व कामे एकाच यंत्राने एका क्षणात केली. त्याचे लाभ निर्विवाद आहेत. जावक क्रमांक क्रमाने व आपोआप पडतो. वेळेची नोंद सेकंदापर्यंत असते. स्थळप्रत गहाळ होत नाही. प्रकरणाचा शोध गट क्रमांकावरून तत्काळ लागतो.

चौथ्या टप्प्याकडे मात्र बारकाईने पाहणे आवश्यक आहे. ई-मेलच्या देवाणघेवाणीचा मूळ नियम १९८२ मध्ये निश्चित झाला. त्यानुसार समोरचा संगणक संदेश स्वीकारल्यावर ‘२५०’ हा संकेत देतो. या संकेताचा अर्थ, संदेश पुढे पोचविण्याची जबाबदारी त्या संगणकाने घेतली, एवढाच आहे. तो वाचला गेला किंवा योग्य व्यक्तीच्या हाती पडला, असा त्याचा अर्थ होत नाही. पुढे काही अडचण आली तर संदेश परत आल्याची सूचना पाठविणाऱ्या पत्त्यावर स्वतंत्रपणे येते. तो पत्ता कोणी उघडून पाहत नसेल, तर नोंदतक्त्यात संदेश ‘पाठविला’ असाच राहतो. टपाल खात्याकडून परत आलेले पाकीट कार्यालयाच्या टेबलावर पडून राहत असे आणि कोणाच्या तरी दृष्टीस पडे. परत आलेल्या ई-मेलला तसे टेबल मुद्दाम निर्माण करावे लागते.

विश्लेषण : दोन हातांचा प्रश्न

वरील इतिहासातून तीन मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा नोंदीच्या स्वतंत्रतेचा आहे. मराठा दप्तरात व नंतरच्या कागदी व्यवस्थेत पत्र आणि त्याची नोंद यांत तफावत पडू शकत असे आणि त्या तफावतीतूनच चूक किंवा लबाडी उघड होई. डेटाबेसमधून पत्र व स्थळप्रत दोन्ही एकाच नोंदीतून निर्माण होतात. मूळ नोंदीत गट क्रमांक चुकला असेल तर पत्रातही तोच चुकतो आणि दप्तरातील प्रतीतही तोच चुकतो. दोन्ही तंतोतंत जुळतात. परंतु हे जुळणे सत्याचे प्रमाण नसते. संगणकीकृत सातबारांच्या संदर्भात हा अनुभव राज्याने घेतला आहे. हस्तलिखित व संगणकीय सातबारांत तफावती आढळल्याने २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील नोंदी ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचल्या गेल्या आणि आक्षेपांवरून दुरुस्त्या झाल्या. यंत्राची चूक शोधण्यासाठी शासनाला यंत्राबाहेरच्या साक्षीदाराकडे, म्हणजे गावाच्या स्मरणाकडे, जावे लागले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरा मुद्दा सूचना कोणाला द्यावयाची हा आहे. कायद्यातील ‘मानण्यास कारण असणे’ ही कसोटी तलाठ्याच्या स्थानिक माहितीवर उभी आहे. एखाद्या खातेदाराच्या निधनानंतर मुलांची नावे लागली, पण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचे नाव लागले नाही, ही मराठवाड्यात सर्रास आढळणारी स्थिती आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या व देशात २००५ च्या सुधारणेने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क मिळाला. तरी अभिलेखात नाव नसेल तर माहितीसंचाला ती माहीत नसते. गावातील तलाठी व कोतवाल यांना ती माहीत असण्याची शक्यता असते. माहितीसंच पहिल्या वर्गातील व्यक्तींना अचूकपणे शोधतो. दुसऱ्या वर्गासाठी लागणारे ‘मानण्यास कारण’ मात्र त्याच्या कोणत्याही रकान्यात नसते. फाट्यालगतची जमीन विकली जात असताना सासरी असलेल्या बहिणीला पंधरा दिवसांच्या आत कळते की नाही, हा प्रश्न संदेशाच्या वेगाने सुटत नाही. नावे असलेल्यांच्या बाबतीतही भ्रमणध्वनी क्रमांक बदललेला, मुलाच्या नावावर असलेला किंवा मुळातच न नोंदलेला असू शकतो. ई-मेलचा पत्ता तर ग्रामीण वृद्ध खातेदाराकडे क्वचितच असतो.

तिसरा मुद्दा पोचपावतीचा आहे. स्थळप्रतीवरील अंगठा घेणाऱ्याच्या ताब्यातील पुरावा होता, तर नोंदतक्त्यातील ‘पाठविला’ हा शेरा पाठविणाऱ्याच्या ताब्यातील पुरावा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १२ मध्ये पोचपावतीचा स्वतंत्र विचार आहे. रवानगी व प्राप्ती यांत कायदाही भेद करतो. कार्यालयीन व्यवहारात मात्र हा भेद पुसला जाण्याचा धोका असतो, कारण पडद्यावर दोन्हींसाठी एकच हिरवी खूण दिसते.

या मांडणीला एक आक्षेप संभवतो. कागदी व्यवस्थेतही खोटे अंगठे उमटत, पंचनामे घरबसल्या होत, चावडीवरील नोटीस रात्रीतून नाहीशी होई. मग जुन्या व्यवस्थेचा गौरव कशासाठी? हा आक्षेप योग्य आहे आणि जुन्या व्यवस्थेकडे परत जावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु खोटा अंगठा हा न्यायालयात तपासता येण्याजोगा, विशिष्ट व्यक्तीवर जबाबदारी टाकणारा गुन्हा होता. न पोचलेल्या संदेशाबाबत असा कर्ता सापडत नाही. प्रत्येक टप्पा नियमानुसार पार पडलेला असतो आणि तरीही संबंधित व्यक्ती अनभिज्ञ राहते. फेरफार नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. मात्र संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणून सूचना न मिळालेल्या व्यक्तीवर पुढे वर्षानुवर्षे दावा लढविण्याचा भार येतो.

निष्कर्ष

मराठा दप्तरातील चिटणीस, दप्तरदार व बारनिशी ही विभागणी केवळ कामाच्या सोयीची नव्हती. ती पुराव्याची व्यवस्था होती. निजाम राजवट, मुंबई इलाखा व महाराष्ट्र राज्य यांच्या काळात तिची भाषा व नमुने बदलले, पण लिहिणारा, नेणारा व नोंदणारा वेगळा असावा हे तत्त्व बदलले नाही. डेटाबेसमधून होणाऱ्या स्वयंचलित रवानगीने प्रथमच या तिन्ही भूमिका एकत्र आणल्या. विलंब व मागील तारखेच्या नोंदी यांवर तिने प्रभावी उपाय केला, हे तिचे ऐतिहासिक श्रेय आहे.

या एकत्रीकरणामुळे गमावलेला स्वतंत्र साक्षीदार पुन्हा उभा करणे मात्र प्रशासनाच्या हाती आहे. परत आलेल्या संदेशांची वेगळी नोंदवही ठेवून तिची जबाबदारी नेमून देणे, संपर्क क्रमांक नसलेल्या खातेदारास कागदी नोटीस बजावल्याशिवाय प्रमाणन न करणे, अभिलेखाबाहेरील हितसंबंधितांविषयी तलाठ्याचे लेखी टिपण घेणे आणि चावडी वाचनासारखा जाहीर पडताळा ठरावीक काळाने करणे, या गोष्टी संगणकीय व्यवस्थेशी विसंगत नाहीत. तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले. तथापि ‘मानण्यास कारण’ शोधण्याचे त्याचे काम तेच आहे. पंधरा दिवसांची मुदत कायद्याने दिली आहे ती यंत्राला संदेश पाठविता यावा म्हणून नव्हे, तर माणसाला तो कळून हरकत घेता यावी म्हणून दिली आहे. फर्दापूरच्या एखाद्या गटाची नोंद प्रमाणित करताना मंडळ अधिकाऱ्याने संदेश गेला की नाही एवढे न पाहता तो कोणाला कळला हे पाहिले, तरच बारनिशीपासून ई-टपालापर्यंतच्या या प्रवासाला प्रगती म्हणता येईल.